डायरीतले वीस आठवडे

आमच्या शेजारची मुलगी एलएल.बी. झाली. बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम, खासगी विधी महाविद्यालय आणि निकाल पहिल्या वर्गाचा. तिच्या आईने सोसायटीभर पेढे वाटले. या शिक्षणासाठी वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढली होती, हे मात्र आम्हा जवळच्या दोनतीन घरांनाच ठाऊक होते.

पेढे संपायच्या आतच आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी तिच्याकडे गेल्या. त्यांच्या लेकीला नवऱ्याने दोन मुलांसह माहेरी आणून सोडले होते. आठ महिने झाले, एक पैसा पाठवला नव्हता. मावशी म्हणाल्या, ‘‘ताई, तुम्ही आता वकील झालात. पोरीला पोटगी मिळेल असा अर्ज तेवढा लिहून द्या.’’

मुलगी आनंदाने तयार झाली. पोटगीचे कलम तिला तोंडपाठ होते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील १२५ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील १४४. पुस्तकातल्या नमुन्याबरहुकूम तिने अर्ज टाइप केला. मावशी, त्यांची लेक आणि कडेवरचे पोर कोर्टात गेले. खिडकीवरून अर्ज परत आला. पुण्यात कुटुंब न्यायालय आहे. इथे असा अर्ज मॅजिस्ट्रेटकडे नव्हे, तिकडे करावा लागतो.

दुसऱ्या दिवशी सगळे कुटुंब न्यायालयात गेले. तिथे विचारणा झाली, ‘‘उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र कुठे आहे?’’ सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या खटल्यात हे प्रतिज्ञापत्र दोन्ही बाजूंना बंधनकारक केले आहे. आमच्या मुलीने परीक्षेत या निकालावर टीप लिहिली होती. प्रत्यक्ष प्रतिज्ञापत्र मात्र तिने कधी पाहिलेच नव्हते.

मावशींचे दोन दिवसांचे काम बुडाले, रिक्षाचे पैसे गेले. त्या रागावल्या नाहीत. ‘‘ताई अजून लहान आहेत,’’ एवढेच म्हणाल्या. ते शब्द मुलीला फार लागले. संध्याकाळी माझ्याकडे येऊन ती रडली, ‘‘काकू, पाच वर्षे मी नेमके काय शिकले?’’

नियम आहेत, पण…

प्रश्न तिच्या एकटीचा नाही. कायद्याच्या शिक्षणात प्रात्यक्षिकाला जागाच नाही, असेही नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २००८ चे नियम या बाबतीत अगदी स्पष्ट आहेत. अर्ज, दावे आणि दस्तऐवज लिहिण्याचे शिक्षण, वकिलीतील नीती व हिशेब, तडजोडीने वाद मिटवण्याच्या पद्धती आणि अभिरूप न्यायालय, असे चार विषय प्रात्यक्षिकासाठीच आहेत. विद्यार्थ्याने एक दिवाणी आणि एक फौजदारी असे दोन खटले कोर्टात बसून पाहायचे असतात. वकिलाच्या कार्यालयात पक्षकाराशी होणारे बोलणे ऐकून त्याची नोंद डायरीत करायची असते. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात निदान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. शिवाय प्रत्येक महाविद्यालयात ज्येष्ठ प्राध्यापकाच्या देखरेखीखाली विधी साहाय्य केंद्र चालवणे सक्तीचे आहे.

मी मुलीला विचारले, ‘‘मग तुझ्या वीस आठवड्यांचे काय झाले?’’

तिने डायरी आणून दाखवली. सुरेख अक्षर, प्रत्येक पानावर तारीख, खाली सही आणि शिक्का. ती प्रत्यक्षात गेली होती अकरा दिवस. बाकीची पाने वरच्या वर्गातल्या मैत्रिणीच्या डायरीवरून उतरवलेली. सही वडिलांच्या ओळखीच्या वकिलांची. महाविद्यालयात कोणी एका शब्दाने विचारले नाही. अभिरूप न्यायालयात काळा कोट घालून छायाचित्र काढून झाले, पण तिथे बोलायचा मजकूर आधीच पाठ करून घेतलेला होता. विधी साहाय्य केंद्राच्या दारावर पाटी होती आणि पाटीखाली कुलूप.

दोष कोणाचा?

प्रात्यक्षिक शिक्षणाची जाहिरात करून ते केवळ कागदावर उरकणाऱ्या संस्थेचा दोष आहेच. तो कोणत्याही सबबीने झाकता येणार नाही. पण आपण पालकही धुतल्या तांदळासारखे आहोत का? प्रवेश घेताना आपण इमारत पाहतो, वसतिगृह पाहतो, फीचे हप्ते पडतील का ते विचारतो. मूल तिथे कोणते काम स्वतःच्या हाताने करणार, हे किती जण विचारतात?

मुलीच्या बाबतीत तर आणखी एक अडचण आपणच उभी करतो. या मुलीचे वडील सज्जन गृहस्थ. तेच तिला म्हणाले होते, ‘‘मुलीच्या जातीने कोर्टाच्या गर्दीत कशाला धक्के खायचे? सही मी आणून देतो.’’ त्यांनी ते मायेपोटी केले. पण त्या मायेने मुलीचे सगळे शिक्षणच कच्चे ठेवले. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. तरीही भारतातल्या स्त्रियांना वकिलीचा हक्क देणारा कायदा व्हायला १९२३ साल उजाडावे लागले. इतक्या खटपटीने जे दार उघडले, त्यातून आपल्या लेकीला आपणच आत जाऊ द्यायचे नाही, याला काय म्हणावे?

यावरून खासगी संस्था म्हणजे फसवणूक, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. पुण्याचे आयएलएस विधी महाविद्यालय १९२४ मध्ये सुरू झाले ते सरकारने नव्हे, इंडियन लॉ सोसायटी या संस्थेने. न्या. गजेंद्रगडकर आणि न्या. यशवंतराव चंद्रचूड हे दोन सरन्यायाधीश तिथेच शिकले. संस्था खासगी की सरकारी यापेक्षा तिथे काम खरे होते की खोटे, हे महत्त्वाचे.

प्रवेशापूर्वी काय पाहावे?

सर्वप्रथम, त्या अभ्यासक्रमाला बार कौन्सिलची मान्यता आहे का, आणि ती कोणत्या वर्षापर्यंत आहे, हे कागद पाहून खात्री करावी. घरी बसून पत्रद्वारे मिळवलेल्या कायद्याच्या पदवीवर वकिलीची सनद मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

नंतर विधी साहाय्य केंद्र पाहायला मागावे. ते आठवड्यातून किती वार उघडते? आलेल्या माणसांची नोंदवही आहे का? पक्षकारांची नावे झाकून का होईना, गेल्या महिन्यात काय काम झाले ते सांगता येते का? विद्यार्थ्याला कोर्टात उभे राहून बाजू मांडता येत नाही, पण वकिलाच्या देखरेखीखाली माणसाचे म्हणणे ऐकून घेणे, कागद लावणे, अर्जाचा मसुदा करणे हे सारे तो करू शकतो.

अर्ज-दावे लिहायला कोण शिकवते, हे विचारावे. विद्यार्थ्यांचे तपासलेले मसुदे पाहावेत. लाल शाईच्या खुणा नसतील तर शिकवणे झालेले नाही, असे खुशाल समजावे. इंटर्नशिपची सोय कोण करते आणि विद्यार्थी तिथे खरोखर जातो की नाही हे कोण पाहते, हाही प्रश्न टाळू नये. आणि सगळ्यात खरी उत्तरे हवी असतील तर फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर शेवटच्या वर्षाच्या मुलांशी दहा मिनिटे बोलावे.

पदवीनंतरची अखिल भारतीय वकिली परीक्षा कायद्याची पुस्तके जवळ ठेवून देता येते. ती पास झाल्याने मसुदा लिहिता येतो असे नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली, ती याच कारणाने. पुस्तक वाचून पोहता येत नाही, हे न्यायालयालाही सांगावे लागले.

मावशींच्या लेकीचे पुढे काय झाले, हे सांगायला हवे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रीला तिचे उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळू शकतो. आमची मुलगी त्यांना घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेली. तिथे नेमून मिळालेल्या वकीलबाईंकडे तिने स्वतःच विनंती केली, ‘‘मॅडम, मी रोज येऊन बसले तर चालेल का?’’ प्रतिज्ञापत्र तिने तीनदा लिहिले, तेव्हा कुठे ते बाईंच्या पसंतीस उतरले. अर्ज दाखल झाला, नवऱ्याला नोटीस पोहोचली. नोटीस पोहोचल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अंतरिम पोटगीचा निर्णय व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. मावशी आता तारखेची वाट पाहत आहेत.

मुलगी रोज सकाळी डबा घेऊन कोर्टात जाते. तिने नवी डायरी घातली आहे. कोणता अर्ज कोणत्या खिडकीवर, सोबत कोणते कागद, कारकुनाने काय त्रुटी काढली, सगळे ती त्यात लिहिते. परवा वडिलांनी सवयीने विचारले, ‘‘यावर सही कुणाची आणायची?’’

ती म्हणाली, ‘‘बाबा, या डायरीला सही लागत नाही.’’