चुकलेल्या नाण्याचे मोल

लक्ष्मीपूजनाच्या दोन दिवस आधी आमच्या घरी चिल्लरीचा डबा उघडतो. वर्षभर साठलेल्या सुट्ट्या पैशांतून ताटात मांडायला चांगली नाणी निवडायची, हे काम हिचे. गेल्या वर्षी मात्र ते आमच्या चिरंजीवांनी केले, आणि चांगली नाणी सोडून वाईट तेवढी बाजूला काढली!

“बाबा, ही टांकसाळीत चुकलेली नाणी आहेत. फोनवर दाखवतात, एकेकाला पाच-पाच लाख मिळतात!”

पाच लाख! वाचकहो, खोटे कशाला बोलू? त्या क्षणी घराचे उरलेले सगळे हप्ते माझ्या डोळ्यांपुढे फिटून गेले. चिरंजीवांनी फोटो पाठवले आणि तासाभरात एका गोडबोल्या गृहस्थाचा फोन आला. नोंदणीचे 1,150 रुपये भरा, म्हणाला. सोबत रिझर्व्ह बँकेची मुद्रा असलेला कागद. मी ताईच्या ओवाळणीच्या पाकिटातून, हिला न सांगता, पैसे भरले. संध्याकाळी त्याने ‘करा’चे आणखी 4,000 मागितले, तेव्हा कुठे माझे पाय वरच्या मजल्याकडे वळले.

तिथे नाना राहतात. नाणी जमवण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली. भिंग डोळ्याला लावून ते म्हणाले, “प्रश्न दोनच. चूक टांकसाळीत झाली की बाहेर? आणि तशी चूक किती नाण्यांवर झाली?”

पहिल्या रुपयावर सालाखाली खूणच नव्हती. “हे कोलकात्याचे,” नाना हसले. “मुंबईची टांकसाळ सालाखाली हिऱ्याचा आकार उमटवते, हैदराबादची चांदणी, नॉयडाची ठिपका. कोलकात्याची खूण नसतेच. यात चूक कसली?”

दुसऱ्यावर आडवी बारीक रेघ होती. तिच्यावरून त्यांनी नख फिरवले. “खोल असती तर ओरखडा म्हणालो असतो. ही उंच आहे. म्हणजे ठशाला तडा गेला आणि दाबाखाली धातू त्या फटीत शिरला. चूक खरी, पण तडकलेला ठसा बदलेपर्यंत ढीगभर नाणी पाडतो. मग याचे कौतुक कोणाला?”

तिसऱ्यावर सालाचे आकडे दुहेरी दिसत होते. “छाप उमटताना ठसा किंचित हलला. हे नेहमीचेच. खर्च करून टाका.”

चौथे पितळी रंगाचे पाच रुपयांचे. त्याची छाप एका बाजूला सरकून कडेला कोरी चंद्रकोर राहिली होती. नाना थांबले. “हे मात्र बरे आहे. चकती ठशाखाली नीट बसली नाही. निम्मी छाप सरकून साल शाबूत असते, तर शौकीन भांडले असते. किंवा आधीचे नाणे ठशाला चिकटून राहते आणि पुढच्यावर एकीकडे सिंह सरळ, दुसरीकडे तोच उलटा नि खोलगट उमटतो. त्यालाही मोल आहे. याचे शे-दीडशे आले असते.”

“असते म्हणजे?”

“याला घासले कोणी?”

मी काय बोलणार? सकाळीच हिने पूजेच्या तांब्या-पळीबरोबर त्यालाही चिंच लावली होती! घासलेल्या नाण्याची मूळ झळाळी जाते आणि तिच्याबरोबर शौकिनाची मागणीही.

मग मी चाचरत त्या फोनचे सांगितले. नाना गंभीर झाले. “अहो, आपण अशा व्यवहारात नाही आणि त्यासाठी कसलेही शुल्क मागत नाही, असे रिझर्व्ह बँकेने 2021 च्या ऑगस्टमध्येच जाहीर केले आहे. एक लक्षात ठेवा. ज्याला नाणे हवे असते तो पैसे देतो, मागत नाही.”

4,000 वाचले, 1,150 गेले ते गेलेच. भाऊबीजेला ताईच्या ताटातले पाकीट हलके झाले होते. मी वर ते पाच रुपयांचे नाणे ठेवले आणि म्हणालो, “दुर्मिळ आहे हो, ताई!”

“अगोबाई, किती लखलखीत!” म्हणून तिने ते डोळ्यांना लावले.

हा अंक ताई दर दिवाळीला वाचते. तेव्हा ताई, यंदाच्या पाकिटात 1,150 रुपये जास्त दिसले, तर हिच्यासमोर मोजू नकोस.