जेवढा पाझर, तेवढाच उपसा



चातुर्मास संपल्यावर आमचा यात्रासंघ मेहसाण्याच्या श्री सीमंधर स्वामींचे दर्शन घेऊन शंखेश्वराकडे निघाला होता. वाटेत एरंडाची शेते लागली आणि त्या शेतांत मधूनमधून एक भलेमोठे लोखंडी यंत्र मान खाली-वर करताना दिसू लागले. घोड्याच्या मुंडक्यासारखे त्याचे टोक सावकाश वाकायचे आणि तितक्याच सावकाश वर यायचे. ही खनिज तेलाच्या विहिरींवरील यंत्रे. माझ्या शेजारी बसलेल्या एका तरुण व्यापारी श्रावकाने थोडा वेळ त्यांचे निरीक्षण केले आणि विचारले, “काका, हे यंत्र इतके मंद का चालवतात? वेग दुप्पट केला, तर तेलही दुप्पट मिळणार नाही का?”

प्रश्न व्यापाऱ्याला शोभेल असाच होता. त्याचे उत्तर मात्र यंत्राची रचना समजून घेतल्याशिवाय मिळत नाही.

जमिनीखाली तेलाचे तळे नसते. वालुकाश्मासारख्या खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत ते साठलेले असते आणि तेथून विहिरीत हळूहळू पाझरते. आरंभी भूगर्भातील दाब पुरेसा असेल, तर तेल आपोआप वर येते. उपसा होत जातो तसा दाब उतरतो आणि मग यंत्राचे साहाय्य घ्यावे लागते. वरून पंप लावून ते ओढून घेता येत नाही, कारण हवेच्या दाबाच्या बळावर पाणीदेखील फार तर दहा मीटरपर्यंतच चढते. म्हणून पंप विहिरीच्या तळाशी बसवावा लागतो आणि त्याला हलविण्यासाठी वरपासून खालपर्यंत पोलादी रॉडची माळ सोडावी लागते.

आपल्या गावातील हापसा आठवावा. 1970 च्या दशकात विकसित झालेल्या ‘इंडिया मार्क 2’ हापशाचा पूर्वज आपल्या महाराष्ट्रातील ‘सोलापूर पंप’ होता. त्यातही दांडा वर असतो, पाणी उचलणारे नळकांडे खोल पाण्यात असते आणि दोहोंना रॉड जोडतात. तेलविहिरीचे तत्त्व हेच, फक्त खोली शेकडो मीटरची. तळाच्या नळकांड्यात दट्ट्या असतो. एक झडप दट्ट्यात आणि दुसरी नळकांड्याच्या बुडाशी. दट्ट्या वर जाताना त्याची झडप मिटते, वरचे तेल उचलले जाते, आणि बुडाची झडप उघडून नवे तेल आत येते. दट्ट्या खाली येताना बुडाची झडप मिटते, दट्ट्यातील झडप उघडते आणि आत जमलेले तेल दट्ट्याच्या वर जाते. याप्रमाणे प्रत्येक फेऱ्यात तेलाचा स्तंभ थोडा थोडा वर सरकतो.

पाऊण इंच जाडीच्या रॉडची 1,000 मीटर लांबीची माळ सुमारे अडीच टन भरते. पंचवीस फुटांचा एक रॉड धरला, तर असे सुमारे 130 रॉड एकमेकांना जोडलेले असतात. शिवाय तेलाचा भार वेगळा. एवढे ओझे मोटरीने एकटीने उचलू नये, म्हणून यंत्राच्या मागील बाजूस जड प्रतिभार लावतात. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात वजन टाकावे तसाच हा प्रकार. अमेरिकेतील टेक्सास राज्यातील लफकिन गावच्या वॉल्टर ट्राउट यांनी 1925 च्या सुमारास फिरत्या भुजेवर प्रतिभार बसविण्याची जी रचना केली, तिचेच रूप आज जगभर दिसते.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. मिनिटाला आठ फेरे धरले, तरी दिवसाला 11,520 आणि वर्षाला 42 लाखांहून अधिक फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात रॉड ताणला जातो आणि सैल होतो. खडकातून तेल ज्या गतीने पाझरते, त्याहून जलद उपसा केला, तर नळकांडे अर्धवटच भरते. उतरणारा दट्ट्या पोकळीतून येऊन एकदम तेलाच्या पृष्ठभागावर आदळतो. तो हादरा संपूर्ण माळेला बसतो. असे आघात सोसता सोसता एखादा रॉड किंवा जोड तुटतो. मग विहीर बंद करून, मोठे यंत्र आणून, तुटलेली माळ बाहेर काढावी लागते. अधिक तेल तर मिळत नाहीच, उलट मिळत होते तेही थांबते.

पण याचा अर्थ यंत्र जितके मंद तितके चांगले, असा नव्हे. उपसा फार कमी ठेवला, तर विहिरीत तेलाची पातळी चढते, त्या भारामुळे खडकातून येणारा पाझरच मंदावतो. म्हणून अभियंते रॉडवरील भाराचा आलेख काढतात. वैद्याने नाडी पाहावी तसा तो आलेख पाहून तळाचे नळकांडे पूर्ण भरते की नाही हे त्यांना कळते आणि त्यानुसार ते फेरे कमी-जास्त करतात.

हे सांगत असताना मला माझ्या बँकेतील नोकरीतील एक खाते आठवत होते. एका होतकरू व्यापाऱ्याची उलाढाल वाढती होती. तेवढीच पाहून मी त्यांच्या कॅश क्रेडिटची मर्यादा वाढविण्याची शिफारस केली. घरखर्चाची उचल किती आहे, हे मी बारकाईने पाहिले नाही. नफ्याहून उचल मोठी होती. बंगला झाला, थाटाचे लग्न झाले आणि हंगामाचा माल भरण्याच्या वेळी हाती भांडवल उरले नाही. दोन वर्षांत दुकानाला कुलूप लागले. ते एकदाच भेटले आणि म्हणाले, “साहेब, तुम्ही तरी मला अडवायला हवे होते.” त्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही.

परिग्रह-परिमाण व्रताचा विचार आपण बहुधा त्यागाच्या दृष्टीने करतो. ती दृष्टी श्रेष्ठ आहेच. परंतु गृहस्थाने मर्यादा आधी ठरवावी, मोह उत्पन्न झाल्यावर नव्हे, यात व्यवहाराचेही मोठे शहाणपण आहे. विहिरीला आपली मर्यादा बोलून दाखविता येत नाही. ती दट्ट्याच्या धक्क्यातून कळते, आणि तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो.

तो तरुण बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. शंखेश्वर जवळ आल्यावर हळूच म्हणाला, “काका, दुकानातून घरासाठी महिन्याला किती उचलतो, हे मी कधी वेगळे लिहिलेच नाही.”

दीपावलीला, भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, आपण नव्या वहीचे पूजन करतो. यंदा त्या वहीच्या पहिल्या पानावर दोन आकडे शेजारी शेजारी लिहावेत: गेल्या वर्षीचा निव्वळ नफा आणि घरासाठी झालेली उचल. दुसरा आकडा पहिल्याहून मोठा असेल, तर माळेला हादरे बसू लागले आहेत, हे ओळखावे आणि फेरे त्याच दिवशी कमी करावेत.