पावती कुणाच्या हातात?

दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर पुस्तकांचे आणि नियतकालिकांचे स्टॉल लागतात. तेथे पूर्वी एक दृश्य हमखास दिसे. विदर्भ-मराठवाड्यातून आलेला माणूस पिशवीतून घडी घातलेल्या नोटा काढी, वार्षिक वर्गणी भरी आणि कार्यकर्ता कार्बन पेपर घालून लिहिलेली पावती त्याच्या हातात देई. अंक आला नाही, तर त्याच पावतीचा क्रमांक टाकून तो गावाहून पोस्टकार्ड पाठवी. आता स्टॉलवर क्यूआर कोड आहे. मोबाईल पुढे धरला की पैसे जातात. पैसे गेले हे खरे. पण पावती कुठे गेली, हा प्रश्न आम्हाला आज विचारायचा आहे.

प्रश्न किरकोळ वाटेल. तो किरकोळ नाही, हे लालबागच्या एका चाळीतील मुलीने आम्हाला शिकविले. तिने स्पर्धा परीक्षेच्या एका ऑनलाईन वर्गाची महिना ४९९ रुपयांची वर्गणी भरली. वडील रखवालदार, पैसे त्यांच्याच खात्यातून जायचे. तीन महिन्यांनी वर्ग जमेना, म्हणून तिने मोबाईलवरून ते अॅप काढून टाकले. पुढे एका ट्रस्टकडून शुल्काची भरपाई मिळेल असे कळले. ट्रस्टने पावत्या मागितल्या. मुलीने स्क्रीनशॉट दाखविला, तो त्यांनी नाकारला. मग पावत्यांचा शोध सुरू झाला आणि त्या शोधात भलतेच उघडकीस आले. अॅप काढून टाकल्यानंतरही पाच महिने पैसे कापले जात होते! म्हणजे २,४९५ रुपये. वडिलांच्या फोनवर दर महिन्याला संदेश येत होता, पण तो इंग्रजीत. मुलीच्या क्लासची फी जाते आहे, असे समजून बाप गप्प राहिला.

यात त्या मुलीची चूक किती आणि व्यवस्थेची किती? अॅप पुसल्याने वर्गणी बंद होत नाही. पैसे आपोआप कापण्याची जी परवानगी आपण एकदा देतो, ती रद्द करीपर्यंत जिवंत राहते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे आणि कापल्यावरही गेली पाहिजे. सूचना गेलीच होती! पण जी भाषा बापाला वाचता येत नाही, त्या भाषेतील सूचना ही कसली सूचना? मराठी माणसाच्या पैशाची खबर त्याला मराठीत मिळाली पाहिजे, ही मागणी बँकांपुढे आणि सरकारपुढे ठेवण्याची वेळ आली आहे.

पावती हा दुबळ्याचा दस्तऐवज आहे. बलवानाला पावतीची गरज नसते, कारण वही त्याच्याकडेच असते. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्याला कधीच कळत नसे. म्हणून तर १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने परतफेडीची पावती देण्याचे बंधन सावकारावर घातले. वही आज कागदाची राहिली नाही, ती कंपनीच्या संगणकात गेली. बदल एवढाच.

ज्यांना हे अतिशयोक्त वाटते, त्यांनी परळ-लालबागच्या गिरणी कामगारांकडे पाहावे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि गिरणगावाचे पुढे काय झाले, हे नव्याने सांगायला नको. गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे देण्याची वेळ आली, तेव्हा अट अशी की १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर आपण गिरणीत कामाला होतो, हे कामगारानेच सिद्ध करावे. आयुष्य ज्या गिरणीत गेले तिचे हजेरीपुस्तक मालकाकडे. गिरणी बंद, चिमणी पाडलेली, वर टॉवर उभा! २०१२ साली म्हाडाने पहिली सोडत काढली. २०२३ सालीही पात्रता ठरविण्यासाठी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना कागद मागितले जात होते. तिकीट नंबर, लाल पास, पगार पावती, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, ईएसआयसीचा क्रमांक. ज्या घरात आईने पत्र्याच्या पेटीत पगाराची चिठ्ठी जपून ठेवली होती, त्या घराला आशा उरली. ज्या घरात पावसाळ्याच्या गळतीत ती भिजून गेली, ते घर कार्यालयांच्या पायऱ्या झिजवीत राहिले.

पगाराची चिठ्ठी आणखीही काही सांगते. तिच्यावर खाते लिहिलेले असे. आमच्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण तेथे धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ आड येई. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न मांडला. जास्त मजुरीचे ते खाते बंद असल्यामुळे आमच्या कित्येक आजोबांचे आयुष्य कमी मजुरीच्या खात्यात गेले. आज कुणी म्हणाले की गिरणीत जात नव्हती, तर ती जीर्ण चिठ्ठी साक्षीला उभी राहते. मात्र ती आपल्या पेटीत हवी, मालकाच्या कपाटात असून उपयोग नाही.

आता त्या मुलीने पावत्या कशा मिळविल्या ते सांगतो. ते प्रत्येक घराच्या उपयोगाचे आहे. प्रथम खाते कोणत्या ई-मेलवर उघडले ते शोधले आणि त्या ई-मेलमध्ये कंपनीच्या नावाने, तसेच ‘रिसीट’ आणि ‘इन्व्हॉईस’ या शब्दांनी शोध घेतला. स्पॅममध्येही पाहिले. दोन पावत्या तेथेच निघाल्या. वर्गणी प्ले स्टोअरमधून भरलेली असेल, तर तेथे आपल्या खात्याच्या चित्रावर बोट ठेवल्यावर पेमेंट आणि सबस्क्रिप्शनचा भाग उघडतो. जुन्या व्यवहारांची यादी त्यात असते. थेट कंपनीकडे भरली असेल, तर तिच्या संकेतस्थळावर लॉगिन करून बिलिंगचा भाग पाहावा. अॅप काढून टाकले म्हणून तेथील खाते नष्ट होत नाही. त्या मुलीला तिसरी पावती अशीच मिळाली.

राहिले बँकेचे विवरण. त्यात पैसे घेणाऱ्याचे नाव अनेकदा भलतेच असते, कारण मध्ये वसुली करणारी दुसरी कंपनी असते. अशा वेळी तारीख, रक्कम आणि यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक जुळवावा. हा क्रमांक दिला की कंपनीला ‘आमच्याकडे नोंद नाही’ असे म्हणणे अवघड जाते. मात्र विवरण म्हणजे पावती नव्हे. पैसे गेले एवढेच विवरण सांगते. कशासाठी गेले, कोणत्या मुदतीसाठी गेले, कर किती लागला, हे पावतीच सांगते. आणि सर्वांत आधी यूपीआय अॅपमधील ‘ऑटोपे’चा भाग उघडून कोणकोणत्या परवानग्या चालू आहेत ते पाहावे आणि नको ती रद्द करावी.

कंपनी पावती देत नसेल तर? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, दिलेल्या सेवेचे बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत वर्गणीच्या सापळ्याला, म्हणजे आत शिरणे सोपे आणि बाहेर पडणे कठीण करून ठेवण्याला, फसव्या क्लृप्त्यांच्या यादीत घातले आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. दोष बँकेचा असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी; ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्या मुलीला तीन महिन्यांची भरपाई मिळाली. उरलेल्या २,४९५ रुपयांसाठी तिचा झगडा चालू आहे आणि आता तिच्या हातात कागद आहे.

पण दुसऱ्याला जाब विचारणाऱ्यांनी स्वतःचे घरही झाडले पाहिजे. ३१ जानेवारी १९२० रोजी परळमधून ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा त्याची वार्षिक वर्गणी अडीच रुपये होती. गिरणी कामगाराला ती जड होती. ‘बहिष्कृत भारत’ चालविताना बाबासाहेबांना १९२८ साली वाचकांपुढे पत्राच्या ऋणाचा प्रश्न मांडावा लागला. आमची चळवळ अशा पै-पैच्या वर्गणीवर उभी राहिली आहे. आज जयंतीची वर्गणी क्यूआर कोडवर जमते आणि कोड बहुतेक ठिकाणी कुणा एका कार्यकर्त्याच्या खाजगी खात्याचा असतो. देणाऱ्याला पावती नाही, मंडळाला हिशेब नाही. कार्यकर्ता प्रामाणिक असेलही. पण उद्या कुणी बोट दाखविले तर तो स्वतःचा बचाव कशाने करणार? पावती देणाऱ्याचे रक्षण करते, तसे घेणाऱ्याचेही करते. मंडळांनी स्वतःच्या नावाचे खाते उघडावे, प्रत्येक वर्गणीची क्रमांक असलेली पावती मोबाईलवर पाठवावी आणि जयंतीनंतर हिशेब फलकावर लावावा. वर्गणी घेणाऱ्या वृत्तपत्रांनाही, आमच्यासकट, हाच नियम लागू आहे.

आमचे वाचकांना एकच सांगणे आहे. येत्या रविवारी घरातील शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने आई-वडिलांचा फोन हातात घ्यावा. कुठे कुठे पैसे कापले जातात ते त्यांना मराठीत वाचून दाखवावे. नको ते बंद करावे, हव्या त्या पावत्या उतरवून एका जागी ठेवाव्यात आणि महत्त्वाच्या छापून घ्याव्यात. आजीने पत्र्याच्या पेटीत जे केले, तेच नातीने मोबाईलमध्ये करायचे आहे. वही त्यांच्याकडे राहणारच आहे. निदान पावती तरी आपल्याकडे असू द्या.

जय भीम!