पाते थांबेपर्यंत हात लांब

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की कुंभारीचा माळ लागतो. विडी कामगारांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत इथलीच. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर इथेच उभे राहिले. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते देण्यात आल्या. घराची चावी हाती आली की पुढचा माणूस सुतार. माळ्याला दार, ओट्याखाली ट्रॉली, खिडकीला अॅल्युमिनियमची सरकती तावदाने, देवघराला पट्टी. नवी वसाहत वसते तिथे काही वर्षे दिवसभर कटरचा आवाज चालूच असतो.

आता त्या आवाजात मायटर सॉची भर पडली आहे. टेबलावर बसवलेली, वरून खाली दाबायची ही विजेची करवत ४५ अंशाचा काप एका दमात काढते. चौकटीचा कोपरा असा जुळतो की पुट्टी भरावी लागत नाही. हातकरवतीने आणि गुण्याने जे काम करायला अर्धा तास जायचा ते मिनिटात होते. यंत्र चांगले आहे, आणि त्याच्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती यंत्र आल्याआल्या त्याचे गार्ड तारेने वर बांधून टाकण्याच्या सवयीबद्दल. ‘गार्डमुळे रेघ दिसत नाही’ हे त्याचे ठरलेले कारण. दुसरे ठरलेले वाक्य अपघात विभागात ऐकू येते: ‘वीस वर्षे हेच काम करतोय, हात बसलेला आहे.’

हात बसलेला असतो, हे खरेच. पण थोडे गणित करून पाहावे. दहा इंची पाते मिनिटाला साधारण ४,८०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ८०. पात्याच्या कडेचा वेग ताशी २३० किलोमीटरच्या घरात जातो. काहीतरी चुकते आहे हे डोळ्यांना दिसून हात मागे घेईपर्यंत चपळ माणसालाही सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. तेवढ्या वेळात चाळीस दातांच्या पात्याचे ६४० दात त्या जागेवरून गेलेले असतात. वीस वर्षांचा अनुभव मज्जातंतूंचा वेग वाढवत नाही. उलट वयाबरोबर तो थोडा कमी होतो. चाळिशी ओलांडलेल्या कारागिराला मधुमेह असेल तर बोटांची जाणीव बोथट झालेली असू शकते. सर्दीची गोळी घेऊन आलेल्याला पेंग येते, आणि ‘एक गोळी घेतली आहे’ हे तो कोणाला सांगतही नाही.

अपघाताची कथा बहुतेकदा एकाच वळणाची असते. तुकडा लहान असतो, चार-पाच इंचांचा. तो शिकंज्यात धरायचा कंटाळा येतो म्हणून बोटांनी दाबला जातो. मायटर सॉचे दात लाकूड मागच्या उभ्या पट्टीवर, कारागीर जिला फेन्स म्हणतात तिच्यावर, रेटत कापतात. तुकडा त्या पट्टीला नीट टेकलेला नसला, किंवा पट्टी वाकडी असून तिचा फुगीर भाग आपल्याकडे राहिला, तर काप मिटतो, पाते चिमटले जाते आणि तुकडा उसळतो. त्याला धरून असलेली बोटे त्याच्याबरोबर पात्याकडे ओढली जातात. म्हणून फुगीर बाजू फेन्सकडे ठेवायची. हात पात्यापासून किमान सहा इंच लांब हवा. त्याहून जवळ यावे लागणार असेल तर शिकंजा लावायचा, नाहीतर लांब पट्टीतूनच तुकडा कापायचा. डाव्या हाताने पात्यापलीकडची उजवी बाजू धरायची, म्हणजे हात आडवा टाकायचा, हे तर कधीच नाही.

दुसरी चूक काप झाल्यानंतरची आहे, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ट्रिगर सोडला म्हणजे पाते थांबले असे होत नाही. ते काही सेकंद फिरत राहते. कारागीर फिरते पाते तसेच वर उचलतो आणि दुसऱ्या हाताने कापलेला तुकडा बाजूला सारतो. आवाज उतरलेला असतो म्हणून धोकाही उतरला असे वाटते. पाते पूर्ण वेग घेईपर्यंत लाकडाला लावायचे नाही आणि काप संपल्यावर ते थांबेपर्यंत खालीच धरून ठेवायचे, हे दोन नियम पाळायला पैसा लागत नाही.

मोजे मात्र पाळू नयेत. सुरक्षा म्हटली की हातमोजे हा समज पक्का आहे, आणि घरमालक कौतुकाने मोजे आणून देतात. फिरत्या पात्यापुढे मोजा घातलेला हात जास्त धोक्यात असतो. दात कापड पकडतात आणि हात आत खेचतात. हाच न्याय लांब बाहीला, गळ्यातल्या गमछ्याला, मनगटावरच्या दोऱ्याला आणि बोटातल्या अंगठीला. मोजे पाते बदलताना घालावेत, तेही प्लग काढल्यावर. चष्मा मात्र हवाच. कानांत बोळे हवेत, कारण ही करवत १०० डेसिबलच्या आसपास ओरडते आणि त्या पातळीला कान सुमारे पंधरा मिनिटांपेक्षा जास्त सहन करू शकत नाहीत. मास्कही हवा. लाकडाची धूळ नाकाच्या पोकळीच्या कर्करोगाला कारण ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केले आहे.

मायटर सॉ परवडत नाही तिथे चार इंची मार्बल कटर किंवा ग्राइंडरला लाकडाचे दातेरी पाते बसवले जाते. हा प्रकार मायटर सॉपेक्षा कितीतरी वाईट. ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो. तो दगड-लोखंड घासायला बनवलेला आहे. लाकडात दात अडकला की अख्खे यंत्र हातातून उडून मांडीवर, पोटावर किंवा तोंडावर येते. त्याला तर टेबलही नाही आणि फेन्सही नाही. आणि वीज कुठून घेतलेली असते? बोर्डाच्या भोकात वायरची दोन उघडी टोके खुपसून, ती निसटू नयेत म्हणून काडेपेटीची काडी ठोकून. ट्रिगर दाबून पट्टीने बांधलेला असेल आणि वीज गेली, तर ती परत येताच यंत्र आपोआप सुरू होते. त्या वेळी हात कुठे असेल ते नशिबावर.

बोट तुटलेच तर पुढची पंधरा मिनिटे महत्त्वाची. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, हात हृदयाच्या वर ठेवावा आणि अंगठी असेल तर सूज येण्याआधी काढावी. बोटाच्या मुळाशी सुतळी किंवा तार आवळू नये. हळद, कॉफी, चुना काही लावू नये. तुटलेला भाग शोधावा, स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने किंचित ओलसर केलेल्या कापडात गुंडाळावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या डब्यात ठेवावी. बोट थेट बर्फात टाकले की पेशी गोठून मरतात आणि मग कोणताही सर्जन काही करू शकत नाही. लोंबकळणारा भाग कापून टाकू नये. रुग्णाला चहा-पाणी देऊ नये, भूल द्यावी लागणार असते. १०८ ला फोन करावा आणि सूक्ष्मशस्त्रक्रिया कुठे होते ते निघण्याआधी विचारून घ्यावे. थंड ठेवलेल्या बोटाला बरेच तास मिळतात, पण मनगटापासून तुटलेल्या हातात स्नायू असतात आणि तिथे सुमारे सहा तासांतच खेळ संपत येतो.

तुटलेला अंगठा जोडण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया जपानमध्ये १९६५ साली झाली, तेव्हापासून हे शास्त्र खूप पुढे गेले. तरी करवतीची जखम सुरीसारखी सरळ नसते. पाते स्वतःच्या जाडीइतके, दोन-तीन मिलिमीटर हाड भुसा करून टाकते आणि बाजूच्या रक्तवाहिन्या पिंजून काढते. अंगठा जोडण्याचा प्रयत्न शक्यतो होतोच. एकट्या बोटाच्या बाबतीत कधीकधी न जोडणेच शहाणपणाचे असते, कारण ताठ राहिलेले बोट कामात आडवे येते. जोडलेल्या बोटाच्या बारीक रक्तवाहिन्या विडीच्या एका झुरक्यानेही आकसतात, हे विडीच्या गावात वेगळे सांगितलेले बरे.

बोटांची किंमत कुंभारीला कोणी शिकवायला नको. हजार विड्यांच्या हिशेबावर मजुरी घेणाऱ्या महिलांचे घर त्यांच्या बोटांच्या टोकांवर चालते. कायद्याने मात्र ही किंमत वेगळीच लावली आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के कमी झाली असे धरले होते, आणि पूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के. रंधा धरणाऱ्या माणसाला अंगठ्याशिवाय सत्तर टक्के काम जमेल, हे कोणत्या सुताराला विचारून ठरवले असेल? १९७५ साली सर्वोच्च न्यायालयासमोर असाच एक सुतार होता. चित्रपटगृहातले काम करताना पडल्यावर त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची क्षमता शंभर टक्के गेली, असे न्यायालयाने मान्य केले. पण भरपाई मागायला मालक लागतो. चौरस फुटाच्या दराने काम घेणाऱ्या सुताराचा मालक कोण? घर ज्याचे तो म्हणतो, मी ठेका दिला. ठेकेदार म्हणतो, यंत्र त्याचे स्वतःचे. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे वर्षात ९० दिवस काम केलेल्या सुताराला नोंदणी करता येते, आणि ती करून ठेवावी. निदान काही आधार मिळतो.

तरी खरा प्रश्न नोंदणीच्या आधीचा आहे. गार्ड बांधून ठेवायची वेळ सुतारावर का येते? चौरस फुटाचा दर पाडून घेणारा, वास्तुशांतीची तारीख पक्की करून मग काम देणारा, रात्री नऊला बल्ब लावून ‘तेवढी एक पट्टी कापून जा’ म्हणणारा ग्राहकच असतो. प्रत्येक कापामागे पाते थांबण्याचे ते पाच-दहा सेकंद त्याने दरात धरलेलेच नसतात. दिवसाला दोनशे काप म्हटले तरी तो फार तर अर्ध्या तासाचा खर्च आहे. सुतार घरी आला की ग्राहक प्लायचा नंबर विचारतो, सनमायकाचा रंग विचारतो, बिजागरी कोणत्या कंपनीची ते विचारतो. त्याच दमात त्याने करवतीचे गार्ड हाताने खालीवर करून पाहावे, बांधलेले असेल तर ती तार आधी सोडायला सांगावी, बोर्डाला तीन पिनांचा प्लग लावून द्यावा आणि दिवाळीच्या आधीची तारीख दिवाळीच्या नंतर न्यावी.