राई राखायची तर वरचा डोंगर राखा

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे हे छोटे गाव आहे. नारळी-पोफळीच्या बागा, काजूचे डोंगर, पावसाळ्यात भात आणि जवळच तिलारीचे खोरे. तळकोकणातल्या कुठल्याही गावासारखेच हे गाव. पण त्याच्या देवराईत महाराष्ट्रात फार दुर्मीळ असलेली एक गोष्ट उभी आहे. ती राखण्यासाठी हा लेख आहे, आणि तो मुख्यतः तिथे न राहणाऱ्यांसाठी आहे.

राईतली जमीन भर उन्हाळ्यातही ओली असते. त्या चिखलात मायरिस्टिका मॅग्निफिका ही जायफळाच्या कुळातली झाडे उभी आहेत. त्यांच्या बुंध्यालाच जमिनीच्या वर मुळे फुटतात आणि तिरकी होत चिखलात उतरतात. भुसभुशीत जमिनीत झाडाला ती आधार देतात आणि पाण्याखाली गुदमरलेल्या मुळांना हवाही पुरवतात. खाडीकाठचे कांदळवन पाहिलेल्या माणसाला हे रूप ओळखीचे वाटेल. इथले पाणी मात्र गोडे. अशा गोड्या पाण्याच्या जायफळी दलदली केरळात, कर्नाटकात आणि गोव्याच्या सत्तरीत आहेत. पूर्वी त्या कितीतरी जास्त होत्या. सपाट, पाण्याची आणि सावलीची जागा म्हणून माणसाने तिथे भात लावला, पोफळी लावल्या, आणि दलदली तुकड्यातुकड्यांनी संपल्या. बांबर्ड्याची वाचली, कारण ती देवाची होती. राईतली काठीही घरी न्यायची नाही, हा दंडक गावाने पिढ्यान् पिढ्या पाळला. कायदे पुष्कळ नंतर आले.

२०२१ साली राज्य सरकारने हे २.५९ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. चांगलेच झाले. पण जाहीर झाले म्हणजे वाचले, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. दलदलीचे पाणी येते ते वरच्या उतारावरून. त्या उतारावर दाट झाडी असली की पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि थोडे थोडे करून वर्षभर खाली झिरपत राहते. झाडी गेली की तेच पाणी चार महिन्यांत माती घेऊन धावत सुटते आणि उरलेले आठ महिने व्हाळ कोरडा. मग राईतल्या एकाही झाडाला कुऱ्हाड न लावता राई मरते. या झाडाचे बी सुकवून, डबाबंद करून उद्यासाठी ठेवता येत नाही. सुकले की ते मेले. ओली जमीन आणि फळे खाऊन बी दूर टाकणारे धनेशासारखे पक्षी हीच त्याची तिजोरी.

आता प्रश्न येतो, वरचे उतार कोणाचे? दोडामार्ग-सावंतवाडीतले बरेचसे जंगल वनखात्याचे नाही, खासगी मालकीचे आहे. एका सातबाऱ्यावर दहा, वीस, कधी चाळीस नावे. त्यातली निम्मी मुंबईत, काही गोव्यात, काहींची वारसनोंदसुद्धा झालेली नाही. एजंट गावात येतो तेव्हा गावातल्या म्हाताऱ्याला गाठत नाही. तो परळ-लालबागच्या, डोंबिवली-नालासोपाऱ्याच्या चाकरमान्याला गाठतो. ‘पडीक डोंगर आहे, करणार काय त्याचे?’ एवढे एक वाक्य त्याला पुरते. मुखत्यारपत्रावर सही होते, पाठोपाठ जेसीबी चढतो, आणि ज्या डोंगरात वाघ, गवा आणि शेकरू नांदत होते, तिथे रबराच्या किंवा अननसाच्या रांगा दिसू लागतात. हा पट्टा राधानगरी, तिलारी, म्हादई आणि भीमगडची जंगले जोडणारा वन्यप्राण्यांचा मार्ग आहे. म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये इथल्या वृक्षतोडीला मनाई केली आणि मार्च २०२४ मध्ये या पट्ट्यातली २५ गावे पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करण्याची पावले उचलायला सरकारला सांगितले. मनाई असूनही तोडीच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत.

डोंगर फोडला की काय होते, ते याच तालुक्यातल्या कळणे गावाने सोसले आहे. जुलै २०२१ मध्ये तिथल्या लोहखनिजाच्या खाणीत साठलेले पाणी बांध फोडून निघाले. लाल चिखल घरांत शिरला, बागायतीवर पसरला. वर्षानुवर्षे जपलेली माडा-पोफळींची बाग एका सकाळीत गाळाखाली गेली, तर तिचे मोल पंचनाम्याच्या कागदात भरून निघत नाही.

दुसरी बाजूही मांडलीच पाहिजे. जंगल राखणाऱ्या गावाला त्याचा दाम मोजावा लागतो. २००२ पासून कर्नाटकातून उतरलेले हत्ती या भागात माड आणि केळी भुईसपाट करतात. एप्रिल २०२५ मध्ये मोर्ले गावात एका शेतकऱ्याचा हत्तीने बळी घेतला. माकडे नारळ ठेवत नाहीत. अशा वेळी ‘जंगल वाचवा’ म्हणून शहरातून उपदेश करणे सोपे, पण नुकसानीचा अर्ज घेऊन खेटे घालणारा शेतकरी तो उपदेश का ऐकेल? राखणीचा भार एकट्या गावावर टाकून राई वाचणार नाही.

तेव्हा ज्याने त्याने आपला वाटा उचलावा. सरकारने संवेदनशील गावांची अधिसूचना आणखी लांबवू नये, आणि पिकाची भरपाई बाजारभावाने व पुढचा हंगाम सुरू होण्याआधी द्यावी. गोवेकरांनी लक्षात घ्यावे की तिलारीचे पाणी उत्तर गोव्याच्या नळांपर्यंत जाते. या डोंगरांची काळजी ही त्यांचीही गरज आहे. पर्यटकांनी राईत उतरू नये. बाहेरून पाहावे, गावातल्या माणसाला सोबत घ्यावे आणि त्याची मजुरी द्यावी. तालुक्यातल्या देवस्थान समित्यांनी जीर्णोद्धाराच्या नावाखाली राया तोडून सभामंडप आणि पेव्हर ब्लॉक आणू नयेत. ग्रामपंचायतींनी जैवविविधता समिती कागदावरून उठवून कामाला लावावी, वरच्या उतारांची गटवार यादी करावी, आणि कुठल्या गटात जेसीबी चढला तर त्याच दिवशी तक्रार जावी.

आणि चाकरमान्यांनो, सर्वांत मोठे काम तुमचे आहे, कारण डोंगराची चावी तुमच्या सहीत आहे. चतुर्थीला गावी याल, तेव्हा आरती झाली की भावकीला एकत्र बसवा आणि सातबारा मध्ये ठेवा. वारसनोंदी राहिल्या असतील तर तलाठ्याकडे अर्ज टाका. समाईक डोंगर कोणी एकट्याने विकायचा नाही. कोणाला पैशाची नड असेल तर आधी भावकीने त्याचा हिस्सा घ्यायचा, असा ठराव लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. मग देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणे घाला आणि तो ठराव देवासमोर मोठ्याने वाचून दाखवा. एजंटचा फोन आला की त्याला एवढेच सांगा: डोंगर विकायचा नाही.