आरोग्याचे पान : 'काविळीने गेला' एवढ्यावर थांबू नका



आपल्या बऱ्याच घरांत गावाकडची एक गोष्ट असते : अमका चुलतभाऊ पंधरा वर्षांचा होता, काविळीने गेला. इथे डॉक्टरांनी 'घरात कुणाला यकृताचा आजार?' असे विचारले की आपण 'आमच्याकडे कुणी पीत नाही' म्हणून मोकळे होतो.

अशा काही काविळींमागे विल्सनचा आजार असू शकतो. अन्नातले जादा तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. या आजारात जनुकातील दोषामुळे ते साठत जाते. सदोष जनुक आई व वडील दोघांकडून आले तरच आजार होतो. आईवडील स्वतः सहसा ठणठणीत असतात. मामेबहिणीशी लग्नाची चाल असलेल्या घरांत ही शक्यता वाढते.

आजीच्या तांब्यापितळेच्या भांड्यांना मात्र दोष देऊ नये. अशा भांड्यांत ठेवलेले दूध आणि लहान मुलांचा यकृताचा विकार यांचा संबंध पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी १९८०च्या दशकात अभ्यासला. तो विकार वेगळा.

विल्सनच्या आजारात कधी कधी यकृत थोड्याच दिवसांत निकामी होते. तेव्हा नुसती औषधे सहसा पुरत नाहीत, प्रत्यारोपण करावे लागते. न्यूझीलंडमध्ये ही शस्त्रक्रिया १९९८पासून ऑकलंडला होते. त्याआधी रुग्णांना ऑस्ट्रेलियाला जावे लागे. नवे यकृत तांबे नीट बाहेर टाकते. पण ते मिळायला बहुधा कुणाच्या तरी घरच्यांनी दुःखाच्या घडीला 'हो' म्हणावे लागते.

ही वेळ टाळता येते. एका मुलाला आजार निघाला, तर त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक. भावंडे खेळती-बागडती असली तरी रक्त, लघवी व डोळे तपासून घ्यावेत. वेळीच कळले तर रोजच्या औषधांवर सहसा निभावते, मात्र ती जन्मभर घ्यावी लागतात. बरे वाटते म्हणून ती बंद करणे जिवावर बेतू शकते. इथे नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन जी तपासणी होते, तीत हा आजार धरलेला नाही.

तेव्हा या रविवारी गावी फोन कराल, तेव्हा आईला विचारा : काविळीने कोण गेले, कोणत्या वयात? मुलामुलींची लग्ने अडतील या भीतीने आपण हे झाकून ठेवतो. डॉक्टरांना ते जरूर सांगा. भावंडांचे आयुष्य त्यावर अवलंबून असू शकते.