रक्त लालच असू द्या

व्हिडिओ गेममध्ये माणसं कापून ज्याला मजा वाटते त्याच्या डोक्यात काहीतरी बिघाड असणार, हे मत रत्नागिरीत मांडवीच्या जेटीवर संध्याकाळी भेळ खाता खाता कुणीही देतं आणि कुणीही खोडत नाही. त्यातून गेम बटणं दाबून न खेळता खराखुरा हात फिरवून खेळायचा असला, तर बिघाड दुप्पट धरतात. मला तशी मजा वाटते. तिची लाज का वाटत नाही, ते सांगतो.

गेमचं नाव मॅडवर्ल्ड. ओसाकाच्या प्लॅटिनमगेम्सने निन्टेन्डोच्या वी या गेमयंत्रासाठी बनवला, सेगाने २००९ मध्ये बाजारात आणला. चित्र सगळं काळंपांढरं. भडक रंग मुख्यतः रक्ताला. नायक जॅकच्या हाताला यांत्रिक करवत बसवलेली. हातातल्या रिमोटच्या पोटातलं बटण दाबून धरायचं आणि हात आडवा फिरवायचा की करवत आडवी चालते. वरून खाली आणला की उभी. गुंडाला सरळ कापलं तर गुण बेताचेच. पण त्याच्या अंगात टायर अडकवला, वर रस्त्यावरचा पाटीचा खांब उपटून खुपसला आणि मग भिंतीवरच्या सुळ्यांवर भिरकावला, तर गुण भराभर चढतात. या सगळ्यावर दोघे समालोचक कुस्तीच्या फडात बसल्यासारखे वात्रट शेरे मारत असतात. मे महिन्यात, खाऱ्या दमट हवेत, पंख्याखाली उभं राहून हे अर्धा तास करा. सदरा पाठीला चिकटतो आणि हसून पोट दुखतं.

आता पूर्वपक्ष. पहिला आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, म्हणून तोच आधी घेतो: बटण दाबणं वेगळं आणि मारण्याची कृती हाताने करणं वेगळं, हाताला जे वळण लागतं ते मनालाही लागतं. २००७ साली वीसाठीही तयार होत असलेल्या मॅनहंट २ या गेमवरून इंग्लंड-अमेरिकेत याच मुद्द्यावर रान उठलं होतं. त्या जूनमध्ये ब्रिटनच्या प्रमाणन मंडळाने त्या गेमला प्रमाणपत्रच नाकारलं. आक्षेप घेणारे इथवर बरोबर सांगतात आणि पुढचं सांगत नाहीत. मंडळाची मुख्य तक्रार त्या गेमच्या निर्दय, उदास सुराबद्दल होती. क्रौर्यापासून खेळणाऱ्याला जरा लांब उभं करणारं त्यात काही नव्हतं. दोन वर्षांनी त्याच मंडळापुढे मॅडवर्ल्ड आला. रक्त जास्त, हातवारे तसेच, आणि तो अठरा वर्षांवरच्यांसाठी म्हणून संमत झाला. अतिरेक इतका उघड की खरं म्हणून घ्यायला कुणी धजत नाही.

आणि हाताला वळण कसलं लागतं? रिमोटमधल्या गतिमापकाला तुमची ताकद कळत नाही, झटका कळतो. पहिल्या दिवशी माणूस खांद्यातून हात फिरवतो. आठवड्याने सोफ्यावर रेलून नुसतं मनगट उडवतो. एवढ्यावर कुणी करवत चालवायला शिकत असेल, तर फणस कापायला मी त्यालाच बोलावीन. या रिमोटने खरी इजा केली ती टीव्हीला. हातातून निसटून तो पडद्यावर आदळू लागला, तेव्हा डिसेंबर २००६ मध्ये निन्टेन्डोला सुमारे ३२ लाख मनगटपट्ट्या बदलून द्यायची तयारी दाखवावी लागली होती.

दुसरा आक्षेप संस्कृतीचा. हे आपलं नव्हे म्हणे. कमाल आहे! विराटपर्वात भीम कीचकाचे हात, पाय आणि डोकं धडात कोंबून मांसाचा गोळा करतो. पुढे दुःशासनाची छाती फोडून रक्त पितो. नरसिंह उंबऱ्यावर बसून पोट फाडतो. हे आपण कीर्तनात मांडी घालून ऐकतो, शेजारी नातवंडं असतात आणि बुवा ताल चढवतात तसे टाळ्याही पिटतो. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर सरकारने १९१० मध्ये बंदी घातली ती कीचकात लोकांना कर्झन दिसला म्हणून, मांसाच्या गोळ्याची इंग्रजाला फिकीर नव्हती.

आपल्या रत्नागिरीच्या नमनातला रावण घ्या. मृदंग चढतो, दहा तोंडांचा तो साचा अंगावर बांधून गडी थयथयत येतो, पुढे बसलेली पोरं आधी किंचाळतात आणि मग त्याच्या चालीची नक्कल करत घरी जातात. तो रावण खऱ्यासारखा दिसावा अशी कुणाचीच इच्छा नसते. जितका अचाट, तितका चांगला. शिमग्यात माणसं वर्षभर जिभेवर न येणारं सगळं होळीभोवती बोंब मारून ओरडतात, पालखी खांद्यावर नाचवतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसं कचेरीत वेळेवर जातात. अंगाने खेळलेला अतिरेक कोकणाला नवा नाही.

तिसरा आक्षेप पोरं बिघडतात हा. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलांची पाहणी प्रसिद्ध केली; मुलांचं वागणं पालकांकडून विचारून घेतलं होतं. हिंसक गेम आणि आक्रमकपणा यांचा संबंध तिला आढळला नाही. अमेरिकेतली मानसशास्त्रज्ञांची संघटना ढकलाढकली, आरडाओरडा यांच्याशी बारीक संबंध मानते, पण गंभीर हिंसाचाराचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही असं तिनेच २०२० मध्ये पुन्हा सांगितलं. पबजीचं नाव इथे हमखास निघतं. २ सप्टेंबर २०२० ला तो बंद झाला तो एकूण ११८ ॲपमधला एक म्हणून, देशाच्या सुरक्षेचं आणि माहितीचोरीचं कारण देऊन. हिंसेचा त्या आदेशाशी संबंध नव्हता.

तोच गेम २०२१ मध्ये नवं नाव घेऊन परत आला आणि गंमत अशी की रक्त हिरवं झालं! माणूस ‘मेला’ हा शब्दही गेला. गोळी तीच, नेम तोच, फक्त त्याची शिसारी यायची सोय काढून घेतली. आई-बापांना हे सभ्य वाटतं. मला हीच हिंसा जास्त खटकते, कारण ती आपण हिंसा आहोत हे कबूल करत नाही. मॅडवर्ल्डमधलं रक्त लाल आहे, फवाऱ्याने उडतं आणि बघणाऱ्याला क्षणभर ‘ई’ म्हणायला लावतं. ते ‘ई’ शाबूत असतं म्हणून त्यानंतरचं हसू निरोगी.

एक गोष्ट विरोधकांना देऊन टाकतो, कारण तिथे त्यांचंच खरं आहे. असला गेम मुलांसाठी नाही. त्याच्या डब्यावर वयाचा आकडा ठळक छापलेला असतो आणि आपल्याकडे तो कुणी वाचत नाही. परदेशातून आलेल्या काकाने दिला म्हणजे चांगलाच असणार, असं धरून नववीतल्या पोराच्या हाती जातो. पालकांनी घरातला प्रत्येक डबा उलटसुलट करून तो आकडा बघावा आणि अठराच्या आतल्याला खुशाल नाही म्हणावं. अठराच्या वरचा कुणी मात्र घामाघूम होऊन हवेत करवत फिरवताना दिसला, तर त्याला डॉक्टरकडे न्यायची गरज नाही; समोरची फुलदाणी तेवढी उचलून ठेवा.